हायड्रोजन किट न बसवल्याच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की पाण्यावर चालणारं हायड्रोजन किट आम्ही बसवून दिलं नाही, वर तपासणीचे 300 रुपये घेतले आणि आमचा पोरगा हसला. हसण्याबद्दल मनापासून माफी मागतो, त्याला समज दिली आहे. 300 रुपयेही परत घेऊन जा. किटबद्दल मात्र माझं म्हणणं तेच आहे.

तुमच्यासमोरच किटमधली बरणी, म्हणजे विजेने पाणी फोडून त्यातला हायड्रोजन इंजिनाला देणारी, बॅटरीला जोडून पाहिली. क्लॅम्प मीटरवर 20 अँपिअर आले आणि लगेच इंजिनाचा आवाज बसला, आठवतंय ना? बुडबुडे खरे होते, हायड्रोजनच तो. पण वीज आली अल्टरनेटरमधून, अल्टरनेटर फिरतो इंजिनावर आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. 14 व्होल्टने 280 वॅट होतात. अल्टरनेटर आणि इंजिनातली घट धरली तर त्यासाठी 1900 वॅटच्या आसपास पेट्रोल जळतं. अशा बरणीतून हायड्रोजन मिळतो फार तर त्यातल्या दीडशे वॅटचा, आणि तो जाळतानाही पुन्हा घट आहेच.

पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. ती फोडायला निदान तेवढी ऊर्जा घालावीच लागते, जेवढी तो जळताना देतो. मोठ्या प्लांटमध्येसुद्धा 1 किलो हायड्रोजनला 9 लिटर पाणी आणि 50 युनिटच्या पुढे वीज जाते, परत मिळतात 33 युनिट.

गडकरी साहेब 2022 मध्ये हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. ती टोयोटा मिराई. तिच्या टाकीत बाहेर तयार केलेला हायड्रोजन 700 बार दाबाने भरतात. पाणी तिच्यात घालत नाहीत, ते सायलेन्सरच्या जागी बाहेर पडतं.

किटसोबत ऑक्सिजन सेन्सरच्या वायरमध्ये जोडायची एक डबी आहे, ती तर कुठेच लावून घेऊ नका. ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला फसवून पेट्रोल कमी सोडायला लावते. मायलेज वाढल्यासारखं वाटेल, पण इंजिन तापून व्हॉल्व्ह जळाले तर खर्च तुम्हालाच. शिवाय बरणीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच साठतात, बॅकफायर झाला, म्हणजे इंजिनातली ज्योत उलटी आली, तर ती फुटेल.

वादात एक सांगायचं राहिलं. तुमचं मागचं डावं चाक हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. ब्रेक धरून राहतोय. मायलेज पडायला तेवढं पुरेसं आहे, म्हणून गाडी आधी त्यासाठी घेऊन या. शनिवारी सकाळी मी स्वतः ड्रम उघडून बघतो.