फॉर्मवर 'पूजा' असंच लिहा

श्रावण लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या ग्रुपवर हा विषय निघतोच. गणपतीसाठी हायस्कूल भाड्याने घ्यायचं, पण फॉर्मवर लिहायचं काय? यंदा एकाने सुचवलं, 'धार्मिक' लिहू नका, नुसतं 'सांस्कृतिक कार्यक्रम' लिहा. भाडंही कमी बसेल. लगेच पाच-सहा जणांचे अंगठे आले. माझा विरोध आहे. ग्रुपवर मला तो धड मांडता आला नाही, म्हणून इथे लिहितेय.

आपण तिथे प्राणप्रतिष्ठा करतो, अथर्वशीर्षाची आवर्तनं करतो, आरत्या म्हणतो. ही पूजा आहे. ती लपवायची गरजच नाही, कारण सरकारी शाळेची जागा पूजेसाठी घ्यायला इथे आडकाठी नाही. आपल्यातले कितीतरी जण ईस्ट ब्रन्सविकमध्ये राहतात. १९७० च्या दशकात तिथल्या शाळांमध्ये ज्यू आणि ल्यूथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थना आणि धर्मशिक्षणाचे वर्ग भरायचे, आणि त्यावरून खटला झाला. १९७८ साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तात्पुरता वापर चालेल, पण त्यापायी शाळेला पडणारा सगळा खर्च त्या गटाने भरून द्यायचा. पुढे २००१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मिलफर्डच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की शाळा सुटल्यावर इतरांना जागा देत असाल, तर मुलांच्या बायबल क्लबला तो धार्मिक आहे एवढ्यावरून नाकारता येणार नाही.

म्हणजे जागा मिळते. प्रश्न पैशांचा आणि खरं बोलण्याचा आहे.

मागच्या वर्षी विसर्जनानंतर रात्री साडेअकराला मी आणि शाळेचा कस्टोडियन, म्हणजे साफसफाई बघणारा कर्मचारी, जिममध्ये बाकांखालच्या अक्षता वेचत होतो. लाकडी फ्लोअरच्या फटीत अडकलेले तांदूळ झाडूने निघत नाहीत, ते नखाने काढावे लागतात. सोमवारी पहिल्याच तासाला तिथे मुलं खेळणार होती. त्या माणसाच्या रविवारच्या ओव्हरटाइमचे पैसे आपल्या भाड्यातून जातात. आपण भाडं वाचवलं, तर ते टाउनशिपच्या प्रॉपर्टी टॅक्समधून जाणार. माझ्या शेजारच्या आजींनी आपल्या गणपतीचा खर्च का सोसायचा? कुणालाही दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासाठी कर भरायला लावू नये, हे न्यू जर्सीच्या राज्यघटनेतच आहे. याच तत्त्वामुळे आपणही उद्या कुणाच्या चर्चचं छप्पर शाकारून द्यायला बांधील नाही.

आणि पूजेला दुसरं नाव देण्याचा प्रकार या राज्यात एकदा होऊन गेलाय. पाच हायस्कुलांत ध्यानाचा विषय शिकवत होते. मंत्र मिळण्याआधी मुलांनी फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन संस्कृत पूजेला जायचं. हे विज्ञान आहे, धर्म नाही, असं चालकांचं म्हणणं. १९७९ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ते मानलं नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. फळं-फुलं वाहून केलेली पूजा आपल्याला ओळखता येत नाही का?

शेजारच्या न्यूयॉर्क शहरातल्या ब्रॉन्क्सचं प्रकरण मात्र मला अवघड वाटतं. तिथल्या एका चर्चने १९९४ मध्ये रविवारच्या उपासनेसाठी सरकारी शाळा मागितली आणि वीस वर्षं खटला चालला. २०१४ ला अपील कोर्टाने शहराचा नकार योग्य ठरवला, २०१५ ला सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतलं नाही. त्या वादातला एक मुद्दा मला विसरता येत नाही. शाळा रिकाम्या असतात त्या रविवारी. शुक्रवारच्या नमाजाला त्या मोकळ्या नसतात. म्हणजे नियम सर्वांना सारखा असला तरी सोय एकाचीच जास्त होते. आपण वर्षातून दोन दिवस जातो. दर रविवारी, वर्षानुवर्षं तीच शाळा एखाद्या धर्माचं घर झाली, तर तिथल्या लहान मुलांना ती कुणाची वाटेल? सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या झेडपीच्या शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन असायचं. एकच्या आकड्यांची सरस्वती, झेंडूची फुलं, चुरमुरे. माझ्या शेजारी बसणारी मुलगी मुसलमान होती. तीही हात जोडून उभी राहायची. तुला चालेल का, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. इथे अल्पसंख्य म्हणून राहायला लागल्यापासून ती मला फार आठवते.

शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. 'गणेशपूजा, आरती व सांस्कृतिक कार्यक्रम' असं लिहिलेला फॉर्म मी प्रिंट करून आणणार आहे, पूर्ण भाड्याच्या आकड्यासकट. ज्यांना पटतंय त्यांनी कृपया अंगठ्यावर थांबू नका, मीटिंगला या.