चिपळूण व्यायली

नागावला आमच्याकडे पाहुणे उतरले की चहा पुढ्यात यायच्या आत विचारतात, "काका, बीचवर घोडा मिळेल का?" मिळतो. किनाऱ्यावर घोडेवाले असतात, घासाघीस करायची, एक चक्कर मारून यायचं. मी तिकडे बोट दाखवतो. माझ्या स्वतःच्या पागेत शंभरावर जनावरं आहेत हे मात्र आता कोणाला सांगत नाही. एकदा सांगून बसलो, तर अख्खं कुटुंब चपला घालून तयार झालं. मग खिशातून मोबाइल काढून दाखवावा लागला. त्यांतल्या धाकट्या मुलीनं माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं, ती नजर अजून विसरलेलो नाही.

हे लचांड पुण्याच्या भाचीनं गळ्यात मारलं. 2020 साली ती दहावीला होती. ऑनलाइन घोडे पाळायचा कुठलासा खेळ, आणि त्यात तिची एक घोडी. "मामा, परीक्षा संपेपर्यंत सांभाळ ना. एकच तर आहे." मामानं भाचीला नाही कसं म्हणायचं? त्या वर्षी दहावीचा शेवटचा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे आधी पुढे गेला आणि मग रद्दच झाला. म्हणजे रीतसर पाहिलं तर भाचीची परीक्षा आजतागायत संपलेली नाही. ती इंजिनिअरिंगला गेली, चष्म्याचा नंबर वाढला, घोडी माझ्याकडेच. परत ने म्हटलं तर म्हणते, "ए मामा, ते लहान मुलांचं असतं रे."

लहान मुलांचं! प्रत्येक घोड्याला रोज वैरण टाका, दाणा द्या, पाणी दाखवा, खरारा करा, फिरवून आणा आणि शेवटी निजवा. प्रत्येक कामाला वेगळं बटण. शिंगरांना आईचं दूध लागतं, म्हणजे आधी त्या गर्दीत आई शोधा. त्यात पावसाळ्यातली आमची रेंज. खराऱ्याचं बटण दाबलं की पडद्याच्या मध्यावर ते चक्र गरगरत राहतं. धीर सुटून पुन्हा दाबलं, की खेळ शांतपणे कळवतो: या घोड्याचा खरारा झालेला आहे. मग पुढचा घोडा. तोवर मी ओटीच्या उजव्या कोपऱ्यात, खांबाला टेकून, फोन पत्र्याच्या पन्हळीखाली तिरपा धरून उभा. कारण दोन काड्या फक्त तिथंच येतात, आणि पागोळ्याही तिथंच पडतात.

"अहो," आतून सौ.चा आवाज येतो, "त्यांचं पाणी झालं असलं तर पोफळींचं बघा. पंपालाही बटणच आहे."

लिदेचं तर तिला अजिबात पटत नाही. खेळात रोज लीद गोळा होते आणि ती बाजारात विकता येते. जो माणूस वाडीसाठी दर वर्षी पदरचे पैसे मोजून शेणखताची गाडी मागवतो, तो रोज पहाटे उठून लीद विकतो, हे कुठल्या हिशेबात बसतं? लिदेचे पैसे येतात तेही तिथल्याच नाण्यात, आणि तबेल्याच्या भाड्यात जिरतात.

एकदा यातून सुटकेची संधी आली होती. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं उडाली, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांगत आडव्या झाल्या, वीज गेली ती जून सरत आला तरी येईना. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मी माड सांगितले, पोफळी सांगितल्या, कौलं सांगितली. "आणखी काही? जनावरं वगैरे?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून "आहेत, पण..." एवढं निघून गेलं. सौ.नं पुढचं वाक्य होऊ दिलं नाही. वीज आल्यावर फोन लावला. वाटलं होतं, उपाशीपोटी सगळी गेली असतील. तेव्हा मूठभरच होती म्हणा. सगळी जिवंत, रोडावलेली, तब्येतीच्या पट्ट्या लालभडक. वर एक घोडी गाभण.

मूठभराची शंभर झाली ती मात्र रंगापायी. पालोमिनो म्हणून घोडा असतो, सोनेरी अंग आणि पांढरी आयाळ. तांबड्या घोड्याला क्रीम नावाचा जनुक एकाच बाजूनं मिळाला की तो पालोमिनो होतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मिळाला तर क्रेमेलो: सायीचा रंग, निळे डोळे. मला क्रेमेलो हवा होता. दोन पालोमिनोंची जोडी लावली तर चारात एक क्रेमेलो, दोन पालोमिनो, एक तांबडं, असा हिशेब. मेंडेलनं वाटाण्यांवर मांडलेलंच हे गणित, त्यात खोट नाही. फक्त ते शिंगरांना कोणी सांगितलेलं नसतं. चारात एक म्हणजे चौथं नक्की, असं आपण धरून चालतो. तिकडे दर खेपेला फासे नव्यानं पडतात. माझ्या पागेत तांबडं, तांबडं, पालोमिनो, तांबडं, पुन्हा तांबडं. खऱ्या घोडीला शिंगरू पोटात वाढवायला सुमारे 11 महिने लागतात, तेवढ्यात माणूस शुद्धीवर येतो. इथं काही दिवसांत बाळंतपण उरकतं, आणि "आता एकदाच" म्हणायला वेळच वेळ.

विकून टाकावीत म्हटलं, तर तांबड्यांना लिलावात कोणी विचारत नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना ही व्यथा सांगितली, तर ते थेट पंधराव्या शतकात गेले. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी 1469च्या सुमारास होर्मुझहून समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. सोबत विकायला आणलेला एकच घोडा. तो घेऊन जुन्नरला पोचला, तर तिथल्या खानानं घोडा हिसकावून घेतला, आणि हवा असेल तर मुसलमान हो म्हणाला. कोणा खुरासाणी सरदाराच्या मध्यस्थीनं घोडा परत मिळाला, आणि शेवटी तो बिदरला विकला गेला. "बघा," गुरुजी म्हणाले, "एका घोड्यापायी केवढे हाल!" गुरुजींना मुद्दा कळलेला नाही. निकितिनला निदान खान तरी भेटला. माझ्या तांबड्यांना जबरदस्तीनं ओढून नेणारा खान मिळत असेल, तर मी त्याला मांडव्याच्या जेट्टीवर नारळ घेऊन घ्यायला जाईन.

एवढ्या जनावरांना नावं कुठून आणायची? अलिबागला रेल्वे येणार, हे मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून ऐकतोय. मालगाड्या थळपर्यंत येतात, माणसांनी अजून पेणला जाऊनच गाडी पकडायची. तेव्हा ठरवलं, निदान आपल्या पागेत तरी कोकण रेल्वे आणायची. कोलाडपासून सुरुवात केली. कोलाड, माणगाव, वीर, खेड, चिपळूण, असं करत खाली. त्यानं डोक्याला आराम पडला, पण एसटीत पंचाईत झाली. भाचीला फोनवर हालहवाल देत होतो (तिला नको असला तरी देतो, ठेव तिची आहे): "चिपळूण रात्री व्यायली. हो, सुखरूप. संगमेश्वरला दूध पुरत नाही. वीर म्हातारा झालाय, त्याचं काय करायचं बघू. आणि खेडची तब्येत काही खरी नाही." पुढच्या सीटवरच्या बाई गर्रकन वळल्या. "अहो, खेडला काय झालं? माझं माहेर आहे हो!"

खरा घोळ आत्यानं घातला. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात. चौल-रेवदंड्यापासून अलिबागपर्यंतची निम्मी लग्नं तिनं जमवलेली. माझ्या खांद्यावरून डोकावताना तिला वंशावळीचं पान दिसलं: आई, बाप, दोन्हीकडचे आजे, पणजे. "अरे, ही तर पत्रिकाच की!" तिनं चष्मा पुसला आणि पाट ओढून बसली. त्या दिवसापासून माझ्या पागेत तिच्या संमतीशिवाय एक सोयरीक होत नाही.

"कामथे आणि कणकवली? शी! दोघांचा बाप एक. आई वेगळी असली म्हणून काय झालं?"

"आत्या, घोडे आहेत ते."

"म्हणून काय झालं?"

खरं तर तिचं बरोबर आहे, जवळच्या नात्यात जोड्या लावल्या की दोष वर येतात. पण मला वादात हरायचं नव्हतं. म्हणून सांगितलं, शर्यतीचे ते थरोब्रेड घोडे असतात ना, जगातल्या त्या सगळ्यांची बापाकडची वंशरेषा तीनच मूळपुरुषांपर्यंत जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अख्ख्या जातीत गोत्रं तीनच? आणि बाकीच्यांना उजवतात तरी कसे?"

आता ती दुपारी वामकुक्षी सोडून स्थळं बघते. राजापूर रोडला तिनं तीन नकार दिलेत, एक तर निव्वळ नाकपुडीवरून. आणि चमत्कार असा, की तिनं पसंत केलेल्या एका जोडीला, जी मी रंगावरून केव्हाच बाद केली असती, गेल्या आठवड्यात क्रेमेलो झाला. निळ्या डोळ्यांचा. मी नाचायचा बाकी होतो. आत्यानं पडदा जवळ घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "घारा निघाला. कोकणस्थांचं रक्त आहे."

त्याला नाव द्यायला गेलो तर सावंतवाडी रोड देऊन झालेलं, मडुरेही देऊन झालेलं. पुढचं स्टेशन पेडणे, म्हणजे गोवा लागला. आत्या म्हणते, परराज्यातलं नाव लावायचं नाही, पुढे सोयरिकीला अडचण येते. तेव्हा क्रेमेलो बिननावाचा उभा आहे, कणकवली गाभण आहे, आणि सौ. पंपाची किल्ली घेऊन दारात उभी आहे.