अथेरॉसचं वायफाय कार्ड बदलायची गरज नाही

‘क्वालकॉमने अथेरॉस घेतली, आता अथेरॉस चिपचे जुने लॅपटॉप वायफाय पकडणार नाहीत, कार्ड बदला’ हा मेसेज म्हापसा-पणजीच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही चिप बनवणाऱ्या कंपन्या. व्यवहार खरा, पण २०११चा, सुमारे ३.१ अब्ज डॉलरचा. निष्कर्ष मात्र चुकीचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही कमांड चालवा, ती आतल्या कार्डांची यादी दाखवते. वायफाय कार्डाच्या ओळीत १६८सी (168c) हा कंपनीचा क्रमांक दिसला की चिप अथेरॉसची. वायफायच्या एन (802.11n) पिढीच्या कार्डांचा एटीएच९के (ath9k) ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच असतो, पीसीआय (लॅपटॉपच्या आत बसणाऱ्या) कार्डाला चिपमध्ये भरायची वेगळी फर्मवेअर फाइलही लागत नाही. मग कंपनी कोणाचीही असो! रेंज पडली असेल तर आधी कार्डावरच्या अँटेनाच्या बारीक वायरी नीट बसल्यात का बघा. आपल्या दमट हवेत तिथे गंजही धरतो. राउटरचं वेगळं: बनवणाऱ्याने सुरक्षा अपडेट थांबवले असतील तर तो बदलावा. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.