माझ्या कॉम्प्युटरचा पोटखराबा

आजकाल गावात मला कोणी "जेवण झालं का" विचारत नाही. "काय म्हनते पोटखराबा?" असं विचारतात. पोटखराबा म्हणजे आपल्याच वावरातली पीक न घेता येणारी जागा, पण यांना हवा असतो तो माझ्या कॉम्प्युटरच्या मेमरीतला. पिठाच्या गिरणीवर, पारावर, दूध घालायला गेलो तिथे. मेमरी म्हणजे मोबाइलात सरकवायचं नखाएवढं कार्ड, यापलीकडे ज्यांना ठाऊक नाही तेही विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता हसतात. प्रत्येकाला वेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

यवतमाळ जिल्ह्यात, अडाण नदीपासून फार लांब नाही अशा एका गावात, एसटी थांब्यासमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, दाखले, केवायसी, फार्मर आयडी, पीक विमा. माझा कॉम्प्युटर ४ जीबी रॅमवर (चालू काम मांडायची मेमरी) चालत होता, म्हणजे खरं तर रांगत होता. विम्याची शेवटची तारीख जवळ आली की पोर्टलचं एक पान उघडेपर्यंत शेतकरी समोरच्या टपरीवर चहा पिऊन, भांडण करून परत यायचा. म्हणून तालुक्याला जाऊन आणखी ४ जीबीची पट्टी टाकून घेतली. लांबोळकी हिरवी पट्टी, खालच्या काठाला सोनेरी दात. चार अधिक चार आठ. इथवर सगळं चौथीच्या गणिताप्रमाणे.

दुकानात आणून मशीन सुरू केलं, सेटिंग उघडलं, आणि स्क्रीनवर ओळ आली: इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी. पुढे कंसात, ५.९२ जीबी युजेबल.

कंसात! वाईट बातमी हे लोक नेहमी कंसातच देतात.

ही ओळ मी एकट्याने वाचली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ग्राहकांच्या स्टुलावर कोतवालकाका बसले होते. आमच्या गावचे निवृत्त कोतवाल. तलाठी आले, गेले, मंडळ अधिकारी आले, गेले, काका राहिले. मोजणीवाल्यांसोबत हिंडून त्यांनी गावातला प्रत्येक धुरा पायाखाली घातलाय. चष्म्याची एक काडी मूळची, दुसरी दोऱ्याची. माझ्याकडे त्यांचं तसं काम काही नसतं. माझा पंखा इन्व्हर्टरवर चालतो, तेवढंच. पन्नीतला खर्रा मांडीवर घोटत ते रांगेतल्या प्रत्येकाचा कागद वाचतात आणि कोणाच्या नावावर किती बोजा आहे ते मोठ्याने सांगतात. इंग्रजी त्यांना येत नाही. आकडे मात्र जगातल्या कोणत्याही लिपीतले येतात.

"हे आठ अन् हे पाच ब्यान्नव कायचं हाय?"

"काही नाही काका, मेमरी आहे."

"आठ कोनती अन् पाच कोनती?"

"आठ बसवली. पाच पॉइंट ब्याण्णव वापरता येते."

घोटणारा अंगठा थांबला. काका स्टूल सरकवून स्क्रीनजवळ आले. खर्ऱ्याने माखलेलं बोट नेमकं कंसावर टेकवलं (तो डाग अजून निघालेला नाही) आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हंजे पोटखराबा हाय."

रांगेतले लोक पुढे सरकले. विम्यासाठी नाही. पोटखराबा पाहायला.

"आता सांग, वर्ग अ का वर्ग ब?"

ज्यांनी सातबारा नुसता विकायच्या वेळीच पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. गटाचं क्षेत्र लिहिलेलं असतं, त्यात लागवडीयोग्य वेगळं आणि पोटखराबा वेगळा. वर्ग अ म्हणजे खडक, खळं, गोठा, जिथे पीक येत नाही ते. वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला, लोकांच्या कामासाठी राखून ठेवलेलं. जमीन तुमच्याच नावावर, तुमच्याच गटात, पण नांगर तिथे चालवायचा नाही. हे मला काकांनी शिकवायची गरज नव्हती, मी रोज डझनावारी सातबारे छापतो. पण काका मला शिकवतच नव्हते. ते रांगेला शिकवत होते, माझ्या कॉम्प्युटरवर बोट ठेवून.

"पाहा राजेहो, वावर दोन हेक्टर. मधातून नाला गेला. नाला याच्याच गटात, पन पऱ्हाटी लावता येते काय त्यात? नाई. मंग नाल्यातून पानी कोनाचं जाते? साऱ्या गावाचं. आता याच्या या डब्यातून कोनाचं पानी जाते, थे याले इच्यारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे खाली बारीक अक्षरात: हार्डवेअर रिझर्व्हड, २.१ जीबी.

"काय लिवलं हाय?"

"हार्डवेअरसाठी राखीव."

"राखीव!" काकांनी मांडीवर थाप मारली. "वर्ग ब. म्या काय म्हनलं?"

आणि राग कशाचा येतो, तर म्हाताऱ्याचं बरोबर होतं.

स्क्रीनवर चित्र उमटवायला ग्राफिक्सला मेमरी लागते. वेगळं ग्राफिक कार्ड असलं तर त्याची स्वतःची मेमरी त्याच्या अंगावरच असते. माझ्यासारख्या साध्या मशीनमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असतं आणि ते मुख्य रॅममधून वाटा घेतं. हा वाटा विंडोज जागं व्हायच्या आधीच बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, बाजूला काढून ठेवतो. विंडोजला सकाळी उठल्यावर जे उरलंय तेच मिळतं, आणि ते प्रामाणिकपणे कंसात लिहून मोकळं होतं. मेमरी बिघडलेली नाही, हरवलेली नाही. तिच्यातून नाला गेलाय.

हे सगळं मला विक्रेत्याने सांगायला हवं होतं. मी फोन लावला, आणि रांगेचा आग्रह म्हणून स्पीकरवर टाकला. त्याने आधी विचारलं, पट्टी काढून खोडरबरने दात पुसले का? पुसायला हरकत नाही, दात मळले की पट्टी नीट लागत नाही हे खरं. पण तेव्हा अख्खी पट्टी गायब होते. पट्टी निवडून निवडून दोनच जीबी लपवत नाही. मग तो म्हणाला, "भाऊ, ते हजार अन् एक हजार चोवीसचं राहते ना, त्याच्यानं कमी दिसते."

इथे माझं डोकं फिरलं. ही सबब पेन ड्राइव्हची आहे! पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क बनवणारे जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून १६ जीबीचा पेन ड्राइव्ह १४.९ दाखवतो आणि एक टीबीची डिस्क ९३१ जीबी. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली १०२४ वाल्या मापाला गिबिबाइट असं वेगळं नाव ठरवून दिलं. ते नाव आमच्या तालुक्यात कोणी उच्चारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण रॅम? रॅम आधीपासून १०२४ नेच मोजून विकतात. आठ म्हणजे पुरे आठ. रॅमच्या गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हची सबब देणाऱ्याला दुकानाच्या पाटीवर 'कॉम्प्युटर' लिहायची परवानगी कोणी दिली?

हे मी त्याला म्हणालो नाही. "बरं" म्हणालो. पुढल्या महिन्यात प्रिंटरची शाई तिथूनच आणायची आहे.

तेवढ्यात रांगेतला बारावीतला एक पोरगा पुढे झाला. त्याने कुठल्याशा व्हिडीओत पाहिलं होतं की एमएसकॉन्फिग नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक केली की सगळी मेमरी मोकळी होते. हा सल्ला देशभर फिरतो. ती चौकट मेमरी वाढवायची नाहीच, विंडोजला मुद्दाम कमी मेमरीत चालवून पाहायचं असेल त्यासाठीची आहे. कमी आकडा घातला तर उरलेली ५.९२ सुद्धा जायची. मी पोराचा हात माउसवरून हळूच काढला. "काका, करून तर पाहा," तो म्हणाला. कोतवालकाकांना नाही, मला. मी चाळिशीचाही नाही.

खरं तर मेमरी खाणाऱ्या मशीनशी माझी जुनी ओळख. दुकान उघडलं तेव्हा ३२ बिटी विंडोज ७ होतं, ४ जीबी बसवून ३.२५ दिसायची. तिथलं कारण वेगळं. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला, घराला असतो तसा, एक पत्ता लागतो. ३२ बिटांत पत्तेच मावतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, म्हणजे बरोबर ४ जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोस, सगळ्यांना त्यातलेच वरच्या टोकाचे पत्ते द्यावे लागतात. तेवढे पत्ते त्यांनी घेतले की तितकी रॅम बसवलेली असूनही हाती लागत नाही. काकांना मी हेही सांगून पाहिलं. त्यांना लगेच कळलं. "गट नंबरच नाई तं जमीन कायची? तिच्यावर पीककर्ज काढता येत नाई न् विमा काढता येत नाई." जास्तीचे पत्ते द्यायची सोय प्रोसेसरमध्ये १९९५ सालच्या पेंटियम प्रोपासून होती, पण घरगुती ३२ बिटी विंडोजने ४ जीबीपुढे जाऊ दिलं नाही, जुने ड्रायव्हर, म्हणजे कार्डं वगैरे चालवणारे प्रोग्राम, गोंधळतात म्हणून. आणि विंडोज ७ च्या स्टार्टर आवृत्तीत तर २ जीबीलाच कुंपण होतं. जागा आहे, पत्ते आहेत, पण तुम्ही स्वस्तातली आवृत्ती घेतलीत ना, मग बसा. यावर रांगेतला एक जण म्हणाला, "आपलंच सरकार असन." कोणी हसलं नाही.

"वर्ग अ असता तं अर्ज करून लागवडीखाली आनता आला असता," काका म्हणाले. "याच्यात तशी सोय हाय काय?"

आहे. काही मशिनांत बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सचा राखीव वाटा २ जीबीवरून ५१२ एमबीवर आणता येतो. मी मशीन बंद करून चालू केलं, डिलीटची कळ बडवत राहिलो. रांग श्वास रोखून. निळा पडदा आला. सगळे कप्पे उघडले. घड्याळ होतं, पंख्याचा वेग होता, बूटचा क्रम होता. ग्राफिक्सच्या वाट्याचा कप्पाच नव्हता. बनवणाऱ्याने तो ठेवलेलाच नाही.

"तहसीलदार रजेवर हाय," काकांनी रांगेला सांगितलं.

एव्हाना टपरीवाला हातातली किटली घेऊन आत आला होता. मी म्हणालो, चला, झालं, नंबर लावा. पण काका उठेनात. खर्रा गालात सरकवून ते विचारात पडले होते. मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला की त्यानंतर मला झोप नीट लागलेली नाही.

"बापू, पोटखराब्यावर सारा बसत नसते. सरकार बी घेत नाई. तुह्याकून त्यानं किताचे पैसे घेतले?"

"...पूर्ण पट्टीचे."

"आठाचे?"

"आठाचेच की. चार आधीचे, चार आत्ताचे."

रांगेत आधी 'च्च' झालं, मग हसू. 'च्च' मला जास्त लागलं. ज्या खात्याला आपण उठताबसता शिव्या घालतो, त्यानेसुद्धा नाल्यातल्या जमिनीवर आकारणी करायची नाही एवढी अक्कल दाखवली. आणि इकडे खोक्यावर ठळक पूर्ण जीबी, पावतीवर पूर्ण जीबी, जीएसटी पूर्ण जीबीवर, आणि कापलेली दोन जीबी कळते कधी? पैसे देऊन, मशीन घरी आणून, चार कप्पे उघडल्यावर. कंसात. खोक्यावर एवढंच छापा ना, की ग्राफिक्स वेगळं नसेल तर यातला काही भाग तिकडे जाईल. शाई किती लागते? नाला असू द्या, नाल्याबद्दल माझी तक्रार नाही, चित्र दिसायला हवं हे मलाही कळतं. पण सातबारा आधी दाखवा, व्यवहार मग करू.

फोनवरचा अजून लाइनवरच होता, मीच विसरलो होतो. त्याने सगळं ऐकलं असणार. घसा साफ करून म्हणाला, "भाऊ, तुम्हाले पुरी आठ पाह्यजेच असन तं सोपं हाय. वेगळं ग्राफिक कार्ड टाकून घ्या. चार हजारात बसवून देतो."

काकांनी फोनकडे वाकून, शांतपणे, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "म्हंजे आमच्या वावरातून नाला गेला, तं नाल्यासाठी आम्हीच दुसरं वावर इकत घ्याचं?"

पलीकडून फोन कट झाला. रांग पुढे सरकली. काकांनी उठता उठता त्यांच्या स्वतःच्या गटाचा सातबारा काढून मागितला, पोटखराबा बरोबर लिहिलाय का ते पाहायला. सरकारी फी पंधरा रुपये, ती मीच भरली. छापून दिला. ते तो वाचतच निघून गेले, आणि पैसे मागायची त्या दिवशी माझी काही हिंमत झाली नाही.