फायली कुलपात आणि बोल संशोधकांना

आज एका चर्चासत्रात पुन्हा तेच ऐकलं: विद्यापीठातलं संशोधन परराष्ट्र धोरणाच्या कामाचं नसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. संताप आला, म्हणून लिहितोय.

कामाचं होणार कसं? हेंडरसन ब्रूक्स अहवाल घ्या. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवाची लष्करी चौकशी. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी त्यावर २ सप्टेंबर १९६३ला लोकसभेत निवेदन केलं. मूळ अहवाल मात्र कपाटात. २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलने त्यातला मोठा भाग इंटरनेटवर टाकला, बीजिंगनेही वाचला असेल. आपल्याकडे तो गोपनीयच!

कायदा आहे हो. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९७चे नियम. २५ वर्षं झालेली फाइल तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवी. अडतं कुठे? 'गोपनीय' शेरा काढायला कुणीतरी पानन् पान वाचून सही करावी लागते. हे काम कुणालाच नको असतं. फाइल दाबली तर कुणी विचारत नाही, उघडली तर जाब द्यावा लागतो.

माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. कलम ८(३)नुसार २० वर्षांनी बहुतेक अपवाद गळून पडतात; सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचा मात्र टिकतो. म्हणजे नेमकं आपल्याच विषयाचं दार बंद. हेंडरसन ब्रूक्ससाठी पत्रकार कुलदीप नय्यर माहिती आयोगापर्यंत गेले, २००९मध्ये नकार मिळाला.

खबऱ्यांची नावं झाकावीत, मान्य. त्या ओळींवर काळं फासा. अख्खा अहवाल कशाला?

२०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचा इतिहास लिहिण्याचं आणि जुन्या नोंदी खुल्या करण्याचं धोरण आणलं, हे चांगलंच झालं: युद्धानंतर २ वर्षांत समिती, पुढच्या ३ वर्षांत इतिहासाचं संकलन. पण ही शिफारस कारगिल युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीची. तो अहवाल संसदेत आला फेब्रुवारी २०००मध्ये. एकवीस वर्षं!

असो. राग विद्यार्थ्यांवर नाही. तुमचा चाळीस पानी निबंध परराष्ट्र मंत्रालयात कुणी वाचत नाही, हेही खरंच. दोन पानी टिपण करा. पहिल्याच परिच्छेदात कोणता निर्णय घ्यायचा ते. मग दोन-तीन पर्याय. प्रत्येकाचा खर्च, समोरचा देश काय करेल, अंमलबजावणी कोणत्या खात्याने करायची. मंत्र्यांच्या परदेश दौऱ्याच्या निदान महिनाभर आधी पोचवा, ऐन आठवड्यात मुद्दे ठरून गेलेले असतात. आणि तळाशी स्पष्ट लिहा: कोणती फाइल मिळाली नाही, आणि त्यामुळे तुमचा कोणता निष्कर्ष कच्चा राहिला.