खायला चालतं म्हणून मधपेटीत चालत नाही

गेले आठ-दहा दिवस मधमाश्यांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की परदेशी मेण, मध, परागकण बिनधास्त मागवा आणि पेटीत वापरा, पाकिटावर एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) नंबर असला की झालं, मेण तर वितळवलेलंच असतं, युरोपवालेसुद्धा नुसतं 24 तास फ्रीझरमध्ये ठेवून घेतात, आणि आपली सातेरी मधमाशी देशी असल्याने तिला बाहेरचे रोग लागत नाहीत. मी मस्जिद बंदरला क्लिअरिंगच्या ऑफिसात कामाला आहे, न्हावाशेवाचे कागद रोज हाताखालून जातात, आणि मुलुंडला गच्चीवर सातेरीच्या दोन पेट्या सांभाळतो. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी तो एफएसएसएआयचा नंबर. अहो, ती तपासणी माणसाच्या पोटासाठी आहे. मधात पाणी 20 टक्क्यांच्या आत आहे का, साखरेची भेसळ आहे का, औषधाचे अंश आहेत का, हे त्यात बघतात. अमेरिकन फाउलब्रूड या माश्यांच्या अळ्यांना होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू मधात असले तर आपल्याला काहीसुद्धा होत नाही, चमचाभर खा, पोळीला लावून खा. पण तोच मध पेटीत ठेवला, कामकरी माश्यांनी तो नेऊन पिलांना भरवला, की एक दिवसाच्या अळीला दहाएक बीजाणू पुरतात. पुढे काय होतं ते ज्याने बघितलंय तो विसरत नाही. पोळ्यातल्या अळीच्या बंद घराचं झाकण आत बसतं, काळपट तेलकट दिसतं, मधोमध वेडंवाकडं भोक पडतं, आत आगकाडी फिरवून हळू वर ओढली की अळीच्या जागी तपकिरी चिकट तार निघते, इंचभर लांब. वास सरसासारखा. आणि हे बीजाणू 35 वर्षांनंतरही जिवंत सापडलेत, म्हणजे पेटी रिकामी करून माळ्यावर टाकली तरी सुटका नाही. मध खायला पास झाला आणि पेटीत घातक ठरला, या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच लक्षात घेतलेलं नाही.

मेण वितळवलं म्हणजे शुद्ध झालं, हा पुढचा मुद्दा. मेण वितळतं 62 ते 64 अंशांना. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. मारायचे तर दाबाखाली 121 अंशांवर अर्धा तास तरी ठेवावं लागतं, पातेल्यात पातेलं ठेवून मेण पातळ केलं की ते फक्त पातळ होतं. आणि कच्च्या मेणातून नुसते जंतूच येतात असंही नाही, 2002 मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबात मेण गाळायच्या कारखान्यात छोटा पेटीभुंगा सापडला, तो टेक्सासहून आलेल्या कच्च्या मेणातून. मूळचा आफ्रिकेतला किडा, मेणासोबत आरामात सीमा ओलांडून गेला.

आता युरोपचा दाखला, कारण लोक त्यालाच जास्त भुलतायत. अर्धी गोष्ट खरी आहे. मधमाशीपालनात वापरायच्या मालाला उणे 12 अंश किंवा त्याखाली किमान 24 तास ठेवण्याची अट युरोपियन युनियनच्या नियमात आहेच, आणि मेणाला त्याऐवजी ठरलेल्या प्रक्रियेने शुद्ध करण्याचा दुसरा रस्ता आहे. पण मेसेजवाल्याने बाकीच्या अटी गाळल्या. माल ज्या भागातून येतो तिथे फाउलब्रूड, माशीच्या श्वासनलिकेतला माइट (बारीक कोळीकीड), पेटीभुंगा किंवा ट्रॉपिलेलॅप्स नावाचा दुसरा माइट यापैकी कशामुळेही निर्बंध लागलेले असता कामा नयेत आणि तसं सर्टिफिकेट लागतं. पोळ्याच्या रूपातलं मेण तर आणायलाच बंदी. याचं कारण साधं आहे, थंडीने भुंगा मरतो, मेणकिड्याची अंडी मरतात, बीजाणूंना काही होत नाही, म्हणून फ्रीझरच्या जोडीला माल कुठून आला ते बघतात. (ट्रॉपिलेलॅप्स आपल्याकडे आग्या माशीवर असतोच, म्हणजे ज्या मालाची त्यांना भीती त्यात आपलाही आला.)

परागकणाचं थोडक्यात. त्यातून चॉकब्रूडची बुरशी येते, अळ्या खडूसारख्या कडक होतात, फ्रेम हलवली की आत खडखडतात.

सातेरी देशी आहे म्हणून सुरक्षित, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. व्हरोआ माइटला ती पुरून उरते हे बरोबर, कारण त्या माइटशी तिचं जुनं नातं आहे. पण 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा विषाणूजन्य रोग दक्षिणेत पोचला तेव्हा कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत याच जातीच्या वसाहतीच्या वसाहती नष्ट झाल्या. मेलेली अळी चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेली पिशवी हातात येते. अनोळखी रोगापुढे देशीपणाची ढाल चालत नाही.

आणि "राणी पाकिटातून मागवली तर कोण विचारतं" असं खाली कोणीतरी जोडलंय. जिवंत किडा आणायचा तर प्लँट क्वारंटाईन ऑर्डर 2003 खाली परवाना लागतो, आणि तो माल निघायच्या आधी.

पावसाळ्यात मुंबईत फुलोरा आटतो, पेट्या उपाशी पडतात, म्हणूनच हा मेसेज आत्ता पसरतोय, ते मला कळतं. साखरेचा पाक द्या, सोयाबीनचं पीठ द्या, मेणपत्रा (पोळं बांधायला फ्रेममध्ये लावतात तो मेणाचा पातळ पत्रा) आपल्याच निरोगी पेट्यांच्या मेणाचा करून घ्या. दुसऱ्याचा मध मात्र नको, कितीही महागडी बाटली असू दे. ज्यांनी आधीच काही घातलंय त्यांनी आज संध्याकाळी नाही तर उद्या सकाळी अळ्यांची फ्रेम उघडून काडी लावून बघा. तार निघाली तर ती फ्रेम दुसऱ्या पेटीत हलवू नका, पेटी कोणाला देऊ नका, हत्यारं वेगळी ठेवा आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयाला किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेला कळवा.