धुऱ्यावरून भांडलेल्यांनी नाबोथ वाचावा

लाचेबद्दल बायबल काय म्हणतं, यावरच्या लेखात निर्गम 23:8 हे वचन दिलंय, लाच डोळसांना आंधळं करते. बरोबरच आहे. पण मला बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 27:25 जास्त टोचतं. निर्दोषाचा जीव घ्यायला लाच घेणारा शापित, आणि त्यावर सगळ्या लोकांनी ‘आमेन’ म्हणायचं. म्हणजे बघ्यांनाही त्यात ओढलंय.

बायबलमधल्या नाबोथची गोष्ट मात्र लेखात हवी होती (1 राजे 21). वडिलोपार्जित द्राक्षमळा, म्हणून राजाला द्यायला नकार. राणीनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार बसवले, अन् गावच्या वडीलधाऱ्यांनी मुकाट सगळं पार पाडलं. नाबोथ दगडांखाली मेला. कशासाठी, तर राजाला तिथं भाजीपाला लावायचा होता! आमच्या यवतमाळकडं धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माझ्या शेताच्या मोजणीच्या वेळीही ‘चहापाण्याचं’ विचारलं होतं. दिले मी. सोयाबीन काढणीला आलं होतं, काय करता.

मोशेच्या नियमात, म्हणजे वरच्या दोन वचनांत, बोट लाच घेणाऱ्याकडं आहे. आपल्याकडं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार. बळजबरीनं द्यावी लागली तर 7 दिवसांत कळवायचं. लाचलुचपतवाल्यांचा 1064 नंबर मला पैसे देऊन झाल्यावर कळला.